क्रिबेजमध्ये कोणती दोन पाने टाकावीत हे शिकवणारे ॲप: आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात राहायला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या वृद्ध दांपत्याने मला क्रिबेज हा पत्त्यांचा खेळ शिकवला. गुण मोजणे मी दोन-तीन आठवड्यांत शिकले, पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी बहुतेक सामने हरत राहिले. पाने वाईट येतात म्हणून आपण हरतो अशी माझी समजूत होती. ती चुकीची आहे, आपण पाने चुकीची टाकतो, हे मला ज्या ॲपमुळे कळले त्याचे हे परीक्षण आहे. ॲपचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यातील ज्या उणिवांबद्दल मला लिहायचे आहे त्या एकट्या या ॲपच्या आहेत असे म्हणणे योग्य होणार नाही, आणि टाकाऊ पानांचा सराव देणारे कोणतेही ॲप निवडताना हेच मुद्दे तपासावे लागतील.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोघांच्या खेळात प्रत्येकाला सहा पाने मिळतात. त्यांतली चार हातात ठेवायची आणि दोन पालथी टाकायची. दोघांची मिळून जी चार पाने होतात तिला क्रिब म्हणतात आणि तिचे गुण पत्ते वाटणाऱ्याला मिळतात. मग गड्डी कापून एक पान उघडतात व ते प्रत्येकाच्या हातात, तसेच क्रिबमध्येही, पाचवे पान म्हणून धरले जाते. बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडीचे दोन, क्रमाने लागलेल्या तीन किंवा अधिक पानांना पानागणिक एक गुण, आणि जो आधी १२१ गुणांपर्यंत पोचेल तो जिंकतो. पत्ते वाटण्याची पाळी आलटून पालटून येते. रमीत आपण टाकलेले पान नेहमीच दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा धोका असतो. इथे मात्र तीच दोन पाने एका डावात आपल्याच पदरात पडतात आणि पुढच्या डावात समोरच्याच्या. सतराव्या शतकातील इंग्रज कवी सर जॉन सकलिंग यांना या खेळाचे जनक मानले जाते, आणि माझ्या मते त्यांच्या खेळाची सारी खुमारी या एका व्यवस्थेत आहे.

सहा पानांतून दोन टाकण्याचे १५ मार्ग असतात. ॲपचा मुख्य भाग असा की ते सहा पाने दाखवते, क्रिब कोणाची आहे ते सांगते, आपण दोन पाने निवडतो आणि मग ते पंधराही पर्याय उतरत्या क्रमाने मांडते. प्रत्येक पर्यायासमोर हातातील चार पानांची सरासरी, क्रिबची सरासरी आणि दोहोंची बेरीज किंवा वजाबाकी असते. हातातील पानांची सरासरी काढण्यासाठी न दिसलेली ४६ पाने एकेक करून कापलेले पान म्हणून धरली की झाले. क्रिबसाठी हिशेब मोठा आहे: कापलेल्या प्रत्येक पानाबरोबर समोरच्याची दोन पाने ९९० प्रकारे येऊ शकतात, म्हणजे एका पर्यायासाठी ४५,५४० शक्यता. फोन हे क्षणात करतो, माणसाला मात्र अंदाजावर भागवावे लागते.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी मी एक हात कागदावर स्वतः मोजून पाहिला. पाने होती दोन पंज्या, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि राजा. एकाच रंगाची चार पाने त्यांत नव्हती. डोळ्यांना पहिल्यांदा दिसते ते दोन पंज्या, छक्की, सत्ती ठेवून अठ्ठी आणि राजा टाकणे. त्यात दोन वेळा लागणारा पाच-सहा-सातचा क्रम आणि जोडी मिळून आठ गुण आधीच हातात आहेत. एक्का निघाला तर त्यात काही भर पडत नाही, पण दहा किमतीचे कोणतेही पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) निघाले तर बारा होतात, चौकी निघाली तर चौदा आणि तिसरी पंजी निघाली तर सतरा. शेहेचाळीस पानांची बेरीज ५६२ आली, म्हणजे सरासरी १२.२२, आणि ॲपनेही नेमका हाच आकडा दाखवला. दुसरा पर्याय पाच-सहा-सात-आठ ठेवून पंजी आणि राजा टाकण्याचा. त्यात हमखास सहा गुण आहेत आणि सरासरी ९.५७ येते. तिसरा पर्याय कोणालाही सहज सुचणार नाही असा आहे: छक्की, सत्ती, अठ्ठी आणि राजा ठेवून दोन्ही पंज्या क्रिबमध्ये टाकणे. हातातील सरासरी तेव्हा ७.११ पर्यंत उतरते.

नुसता हात पाहिला तर पहिला पर्याय इतका पुढे आहे की विचार करण्याचे कारणच उरत नाही, आणि क्रिब समोरच्याची असेल तर खरोखरच ते नसते. दहा किमतीची पाने गड्डीत सोळा असल्यामुळे पंजी हे पंधरा जुळवणारे सर्वांत उपयोगी पान आहे. ते समोरच्याच्या क्रिबमध्ये टाकणे म्हणजे त्याच्या घरात धान्य नेऊन भरणे. ॲपच्या हिशेबात अशा वेळी पहिला पर्याय दुसऱ्यापेक्षा चार गुणांहून अधिक पुढे होता. पण क्रिब आपली असेल तर चित्र पालटते. अठ्ठी-राजाने सुरू झालेली स्वतःची क्रिब चार गुणांच्या आसपास देते, पंजी-राजाची साडेसहाच्या आसपास आणि दोन पंज्यांची नवाच्या जवळ. त्यामुळे तिन्ही मार्गांची बेरीज सोळा गुणांच्या आगेमागे येते आणि त्यांच्यात अर्ध्या गुणाचेही अंतर राहत नाही. मी दोन वर्षे हातातले गुण मोजून निर्णय घेत होते आणि क्रिब हे नंतर मिळणारे वरकड उत्पन्न समजत होते, हे या एका हाताने मला दाखवून दिले. पुस्तकी सल्ला वाचून ते इतके स्पष्ट झाले नसते, कारण तिथे नियम मिळतो, पण नियमाची किंमत गुणांत किती ते दिसत नाही.

सरावाचा हा भाग मला मनापासून आवडला. रोज वीस हात याप्रमाणे तीन महिने सराव केल्यावर दुर्री-तिर्री, सत्ती-अठ्ठी यांसारख्या जोड्या स्वतःच्या क्रिबसाठी राखायच्या आणि समोरच्याच्या क्रिबमध्ये राजा-नव्वीसारखी एकमेकांशी न जुळणारी पाने टाकायची, हे हाताला सवयीचे झाले. रंगाचा नियमही ॲपने नीट पाळला आहे: हातातील चारही पाने एका रंगाची असतील तर चार गुण मिळतात, पण क्रिबमध्ये कापलेल्या पानासह पाचही पाने एका रंगाची असल्याशिवाय काही मिळत नाही.

आता उणिवांकडे येते. पहिली उणीव गुणपत्रकाची आहे. ॲपच्या मते सर्वोत्तम असलेला पर्याय निवडला नाही की लाल फुली येते, मग फरक तीन गुणांचा असो की एका गुणाच्या विसाव्या भागाचा. वर सांगितलेल्या हातात तिन्ही पर्यायांना बाजू आहे, तरी दोहोंवर फुली पडते. शिकणाऱ्याच्या मनावर याचा परिणाम वाईट होतो, कारण सामना घालवणारी चूक आणि चवीचा फरक या दोन गोष्टी त्याला सारख्याच दिसू लागतात. गमावलेले गुण दाखवणारा आकडा खाली बारीक अक्षरात आहे. तोच मोठा करून फुली काढून टाकली असती तर हे ॲप पुष्कळ चांगले शिक्षक झाले असते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. क्रिबची सरासरी काढताना समोरचा खेळाडू आपली दोन पाने डोळे मिटून टाकतो असे या ॲपने गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात कोणताही जाणता खेळाडू माझ्या क्रिबमध्ये पंजी टाकणार नाही, जोडी टाकणार नाही, क्रमाने लागणारी पाने टाकण्याचेही टाळेल. त्यामुळे स्वतःच्या क्रिबचे आकडे थोडे फुगलेले असतात, आणि समोरच्याच्या क्रिबचे प्रत्यक्षापेक्षा कमी, कारण तो तिथे आपली चांगली पाने मुद्दाम घालतो. सोळाच्या आसपास एकत्र आलेल्या तीन पर्यायांसारख्या ठिकाणी एवढ्यानेही क्रम बदलू शकतो. हे गृहीतक मदतीच्या पानावर कुठेही लिहिलेले नाही. एक हात स्वतः पडताळताना माझ्या ते ध्यानात आले. सरासरी आकडा देणाऱ्याने ती कशाची सरासरी आहे हे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे असे मला वाटते.

तिसरी आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे ॲप धावफलक विचारतच नाही. शेजारच्या आजींना मी तो पंज्यांचा हात दाखवला तेव्हा त्यांनी पानांकडे बघण्याआधी क्रिब कोणाची आणि गुणफलकावरच्या खुंट्या कुठे आहेत, म्हणजे दोघांचे गुण किती, असे विचारले. ॲपला यातला पहिला प्रश्न माहीत आहे, दुसरा माहीत नाही. एक उदाहरण देते. मी पत्ते वाटले आहेत, माझे ११९ गुण आहेत आणि समोरच्याचे ११५. माझ्याकडे एक्का, चौकी, सत्ती, दोन अठ्ठ्या आणि राणी आहे. नेहमीच्या हिशेबाने दोन्ही अठ्ठ्या आणि सत्ती ठेवायला हवी, कारण त्यांचेच सहा गुण होतात. पण गुण मोजण्याचा पहिला मान वाटणाऱ्याचा नसून समोरच्याचा असतो, आणि त्याला सहाच गुण हवे आहेत, जे सरासरी हातातही असतात. मोजणीच्या आधी दोघे आळीपाळीने एकेक पान उघडे उतरवत बेरीज एकतीसपर्यंत नेतात, आणि या उतारीतही जोडी किंवा पंधरा जुळले की गुण मिळतात. म्हणून मला ते दोन गुण मोजणीच्या आधी, पाने एकेक करून उतरवताना मिळवायचे आहेत. त्यासाठी एक्का, चौकी, सत्ती आणि एकच अठ्ठी ठेवावी: चार वेगवेगळी पाने असली की समोरच्याच्या पानावर जोडी जमवण्याच्या चार संधी मिळतात, आणि बेरीज एकतीसकडे जाताना लहान पाने उपयोगी पडतात. समोरचा सहा गुणांना मुकला तरी सत्ती आणि अठ्ठीचे पंधरा मिळून मला हवे ते दोन गुण हातात आहेतच. त्यावरचे चार गुण कोणत्याही कामाचे नाहीत. या निवडीवर ॲपने लाल फुली दिली.

हे फक्त शेवटच्या डावापुरते नाही. दोन डाव मिळून एका खेळाडूला सरासरी २६ गुणांच्या आसपास मिळतात, आणि त्या मापाने आपण पुढे आहोत की मागे हे मुरलेले खेळाडू सामन्याच्या मध्यापासूनच ताडत असतात. मागे असलेल्याने धोका पत्करून मोठ्या हाताची आशा धरावी, पुढे असलेल्याने समोरच्याची क्रिब कोरडी ठेवण्यासाठी स्वतःचे एक-दोन गुण सोडावेत. ॲपच्या जगात दर डाव शून्यापासून सुरू होतो. पाने उतरवतानाचे गुणही त्याच्या हिशेबात नाहीत, त्यामुळे उतारीसाठी चौकी किंवा त्याहून लहान पान राखण्याला ते काहीच किंमत देत नाही. त्या पानावर समोरच्याला लगेच पंधरा करता येत नाहीत, एवढ्या एका कारणाने ते पान अनेकदा ठेवण्याजोगे असते.

बाकीच्या गोष्टींबद्दल तक्रार नाही. संगणकाशी खेळण्याची सोय कामचलाऊ आहे, अक्षरे मोठी करता येतात, इंटरनेट नसतानाही सराव चालतो आणि जाहिराती नाहीत. पैसे एकदाच भरावे लागतात. गेल्या महिन्यापासून मी ॲप थोड्या वेगळ्या रीतीने वापरते: आधी कागदावर दोघांचे काल्पनिक गुण लिहिते, त्यांनुसार पाने निवडते, आणि मग ॲपचा आकडा हा एका जाणत्या पण अर्धीच माहिती असलेल्या सल्लागाराचा सल्ला म्हणून वाचते. गुण मोजणे येऊ लागले आहे पण पाने टाकताना अजून अंदाजावर चालते, अशा प्रत्येकाने पहिल्या सहा महिन्यांसाठी हे जरूर घ्यावे. जो पाच-दहा वर्षे खेळतो आहे त्याला त्यातून फारसे नवे मिळणार नाही.

मोफत आवृत्तीत स्वतःची पाने भरून पाहता येतात. पैसे भरण्याआधी त्यात दोन पंज्या, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि राजा हीच सहा पाने एकदा स्वतःच्या क्रिबसाठी आणि एकदा समोरच्याच्या क्रिबसाठी भरावीत. पहिल्या वेळी वरचे तीन पर्याय एकमेकांना खेटून आणि दुसऱ्या वेळी एकच पर्याय बराच पुढे दिसला, तर त्या ॲपचा हिशेब निदान पायापुरता बरोबर आहे असे समजायला हरकत नाही.