गावाकडचं घर घेताय? माझे ३,३८,५०० गेले, ते वाचून मग संचकार (विसार) द्या

गावाचं नाव देत नाही, वकिलांनी तसं बजावलंय. कोल्हापूरच्या पश्चिमेला, शहरापासून तासाभराच्या आत, एवढं पुरे. कौलारू घर, दोन खोल्या, पुढं सोपा (ओसरी), मागं परडं. किंमत ठरली ११,५०,०००. टोकन म्हणून ५१,००० फोनवरून पाठवले, १,२५,००० चेकनं दिले आणि १,५०,००० रोख. म्हणजे ३,२६,००० मालकाच्या घशात. एजंटानं १०,००० आगाऊ उपटले, स्टॅम्प-टायपिंग-नोटरीचे २,५०० वेगळे.

प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. घर एक, गिऱ्हाईकं तीन-चार, प्रत्येकाकडून संचकार आणि खरेदीखत कुणालाच नाही. पेपरात वाचताना मीही म्हणायचो, लोक एवढे कसे फसतात.

आमचं घर शहरात सखल भागात. २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं. दोन्ही वेळा संसार डोक्यावर घेऊन पाहुण्यांच्या दारात गेलो. त्यामुळं घर बघताना मी पूर विचारला, उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, कौलं खालीवर करून वासे बघितले. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मागितला, त्यावर मालकाचं एकट्याचं नाव. घरपट्टीची पावतीही चालू वर्षाची. आणखी काय बघायचं असतं माणसानं? उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस मी, वकील नव्हे.

पण ती भिंत. सोप्याच्या बाहेरच्या भिंतीवर दाराएवढा पट्टा ताज्या चुन्यानं पांढरा केलेला, बाकी भिंत धुरकट. चुन्याखालून तांबूस अक्षरं डोकावत होती. मी बोट ठेवून विचारलं, हे काय? मालक म्हणाला, "इलेक्शनची जाहिरात हुती काका, पुसून टाकली." तेवढ्यात एजंटानं माझ्या कोपराला धरून परड्यातला नारळ दाखवायला नेलं. माझ्या मोबाईलमध्ये त्या भिंतीचा फोटो आहे. आज मोठा करून बघितला की ‘बहिणींचा’ आणि खाली ‘करू नये’ एवढं चक्क वाचता येतं. फोटो काढताना मी नारळ फ्रेममध्ये येतोय का ते बघत होतो! ह्या घरात बहिणींचा हिस्सा आहे, व्यवहार करू नये, असं त्यांनी लाल रंगात लिहून ठेवलेलं. ह्यानं चुना मारून झाकलं आणि वर जोतिबाची आण घेतली. बायको तिथंच म्हणाली होती की चुना ओला वाटतोय. मी तिला गप्प केलं, कारण एजंट कानाशी लागला होता, "उद्या सांगलीचं गिऱ्हाईक टोकन टाकतंय." अशा घाईत कुणीही हेच केलं असतं.

त्यानंतर खरेदीखताची तारीख निघाली की काहीतरी आडवं. आधी पितृपक्ष, मग ऊसतोड, मग आईचं आजारपण (आई वारून बरीच वर्षं झाली, हे नंतर कळलं). शेवटी थोरली बहीण भेटली. ती म्हणाली, "तुमच्या आधी दोघांनी पैसं दिल्यात. आम्ही कुठंबी सही केली न्हाई आन करणार बी न्हाई." तिचं काय चुकलं? वडिलांच्या घरात मुलींचा हिस्सा आहेच. सगळ्या बहिणींचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय भावाला एक रुपया देऊ नका.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब, कोर्टात जा. वर मलाच विचारलं, रोख कशाला दिली? अहो, मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्यावर रोख घेणाऱ्यालाच आयकराचा दंड आहे, त्याला बोलवा की! ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणे, नमुना आठ हा घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. मग उतारा देताना तसं मोठ्या अक्षरात छापा ना. तलाठी म्हणाले, गावठाण आमच्याकडं येत नाही, सातबारा असता तर बघितलं असतं. भूमी अभिलेखवाले म्हणाले, ड्रोननं मोजणी झालीय, मिळकत पत्रिका (गावठाणातल्या घराचा मालकीचा कागद) अजून तयार नाही. नोटरी म्हणाले, मी फक्त सह्या बघितल्या. एकानंही खुर्चीतून उठून कपाट उघडलं नाही. ऑनलाइन तक्रार केली, ती ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ होऊन निकाली निघाली. संबंधित विभाग म्हणजे तेच पोलीस! एका हवालदारानं तर सल्ला दिला, "गोड बोलून काढून घ्या." गोड बोलायलाच मी चहा-बिस्किटं घेऊन गेलो होतो मालकाकडं, एजंटानं त्यातली अर्धी खाल्ली.

वकील म्हणाले, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं संचकारपत्र म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा, घर त्यानं तुमचं होत नाही. साठेखत (पुढं खरेदी करण्याचा करार) करायचं तर दुय्यम निबंधकाकडं नोंदवूनच करा. आणि आधी वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीस द्या. ती दिली असती तर बहिणी त्याच आठवड्यात हरकत घेऊन आल्या असत्या. एजंट म्हणेल, "कशाला काका, गावात बोभाटा हुतोय." बोभाटा होऊ द्या. घर बघायला गेलात की एजंटाला चहाला पाठवा आणि शेजारच्या दोन घरांत एकटे जा. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर जुने दस्त शोधता येतात. पण नोटरीवाले व्यवहार तिथं दिसत नाहीत, आणि हे लोक त्याच फटीतून पैसे खातात.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो. बहिणीनं सांगितलेल्या त्या दोघांपैकी एक जण सापडलाय, गारगोटीकडचा, त्याचे २,००,००० अडकलेत. दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. ही भिंत, हा नारळ ओळखीचा वाटत असेल तर लवकर कळवा. अर्ज टाईप करून ठेवलाय, तिसऱ्या सहीची जागा मोकळी सोडली आहे.