नाशिकमध्ये प्राध्यापकी : सोळा तासांच्या आकड्यामागचे चार वेगवेगळे कार्यभार

मुलाखतीत कार्यभाराबद्दल विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : आठवड्याला १६ तास. गंगापूर रोडवरचे जुने अनुदानित महाविद्यालय असो की शहराबाहेरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आकडा तोच. त्यामुळे नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेले उमेदवार पगार, घरापासूनचे अंतर आणि संस्थेचे नाव एवढ्यावरच निवड करतात. पण त्या १६ तासांत वेगवेगळे पेपर किती, प्रात्यक्षिके कशी मोजली आणि वर्गाबाहेरचे काम कुणाच्या अंगावर, यावरून सारख्याच आकड्याच्या दोन नोकऱ्यांत आठवड्याला पंधरा-पंधरा तासांचा फरक पडतो. तुमच्यासमोर दोन-तीन पर्याय असतील तर तुलना इथून सुरू करा.

आकडा येतो कुठून

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास आणि वर्षाला ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापन दिवस. त्यातले प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास. रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध राहायचे आणि दोन तास विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन, ग्रंथालय, उपक्रम किंवा संशोधन यांना द्यायचे. सहा दिवसांचे रोज ५ तास धरले तर ३० तास होतात. उरलेल्या दहा तासांचे वाचन-लेखन घरी बसून केले तरी नियम मोडत नाही. तरीही अनेक संस्था बायोमेट्रिकवर सात-आठ तास पूर्ण करून घेतात. हा फरक नेमणूकपत्रावर दिसत नाही, तो विचारावा लागतो.

वर्षाची वाटणीही नियमात आहे. महाविद्यालयांसाठी ३० आठवडे अध्यापन, १० आठवडे प्रवेश-परीक्षा, १० आठवडे सुट्टी आणि २ आठवडे सार्वजनिक सुट्ट्या. सुट्टीत कामावर बोलावले तर त्या काळाच्या एक तृतीयांश इतकी अर्जित रजा खात्यात जमा व्हायला हवी. ती होते का, हे तिथल्या जुन्या शिक्षकाला विचारून घ्या.

तास नव्हे, पेपर मोजा

चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) सैद्धान्तिक पेपर म्हणजे सत्राला ६० तास, आठवड्याला चार. समजा एका महाविद्यालयात तुम्हाला असे दोन पेपर प्रत्येकी दोन तुकड्यांना शिकवायचे आहेत. अध्यापन १६ तास, पण नवी तयारी फक्त आठ तासांची. पहिल्या वर्षी एका तासाच्या व्याख्यानाला दोन तास तयारी लागते असे धरले तर १६ अधिक १६, एकूण ३२ तास. दुसऱ्या महाविद्यालयात एकेकच तुकडी आहे आणि तुमच्याकडे चार पेपर आहेत. अध्यापन तेच १६ तास, तयारी मात्र ३२. आठवडा ४८ तासांचा झाला आणि अजून एकही उत्तरपत्रिका तपासलेली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. महाराष्ट्रात नव्या रचनेत सत्राला साधारण २२ श्रेयांक असतात आणि मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुले वैकल्पिक, कौशल्याधारित, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे अनेक पेपर येतात. त्यांतले बरेच दोन श्रेयांकांचे, म्हणजे आठवड्याला दोन तासांचे. ज्या विभागात दोनच शिक्षक आहेत तिथे १६ तास भरायला सात-आठ वेगवेगळे पेपर गळ्यात पडू शकतात. तयारीचे तास कागदावर तेवढेच राहतात, पण अभ्यासक्रम आठ, अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आठ आणि गुणांच्या याद्याही आठ. त्यात भारतीय ज्ञान प्रणालीसारखा, तुमच्या पदव्युत्तर विषयाशी संबंध नसलेला पेपर असेल तर त्याची तयारी दुप्पट धरा.

विज्ञान आणि अभियांत्रिकीत दुसरी मेख आहे ती प्रात्यक्षिकांची. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्राला ३० तास, आठवड्याला दोन. साठ विद्यार्थ्यांच्या तीन बॅच केल्या आणि प्रात्यक्षिक दोन श्रेयांकांचे असेल तर आठवड्याला १२ तास प्रयोगशाळेत उभे राहावे लागते. काही ठिकाणी दोन प्रात्यक्षिक तास म्हणजे एक अध्यापन तास असा हिशेब करतात. मग १० तास व्याख्याने आणि १२ तास प्रात्यक्षिके यांची नोंद १६ तास होते, उभे राहणे मात्र २२ तास. जर्नल तपासणी आणि द्रावणे-उपकरणे लावण्याचा वेळ यातही धरलेला नाही. प्रयोगशाळा साहाय्यकाचे पद भरलेले आहे का, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या उमेदवाराने पगाराच्या आधी विचारावा.

तासिका किती मिनिटांची, हेही पाहा. ४८ मिनिटांच्या तासिकेने १६ तास भरायचे तर २० तासिका होतात. १६ तासिकांचे महाविद्यालय आणि २० तासिकांचे महाविद्यालय, दोघेही ‘सोळाच’ सांगतात.

अनुदानित पूर्णवेळ

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. पदोन्नतीची पुढची पायरी पीएच.डी. असल्यास ४ वर्षांनी, एम.फिल. असल्यास ५ वर्षांनी, नसल्यास ६ वर्षांनी. त्यासाठीच्या वार्षिक मूल्यांकनात नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. सोबत प्रशासन, परीक्षा, विद्यार्थी उपक्रम, परिसंवाद, संशोधन प्रकल्प, प्रकाशन अशा कामांपैकी किमान तीन असली तर ‘चांगले’. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, परीक्षा विभाग, नॅकचा (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचा) अहवाल ही कामे इथे नुसती ओझे नसतात. त्यांचे पत्र दरवर्षी जपून ठेवले तर पदोन्नतीला उपयोगी पडते. वर्ष संपताच प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेतले नाही की सहा वर्षांनी फाइल लावताना तीच कामे सिद्ध करता येत नाहीत. पदोन्नती अडण्याचे हे सर्वांत टाळता येण्यासारखे कारण आहे.

वर्गाबाहेरचे काम इथेही भरपूर आहे. विद्यापीठाच्या परीक्षांचे पर्यवेक्षण आणि कॅपमधली (केंद्रीय मूल्यांकनातली) उत्तरपत्रिकांची तपासणी बंधनकारक असते. निवडणुकीचे काम येते. तरी सुट्टी, रजा, वेतन हे सगळे नियमाने चालत असल्याने हे काम कधी येणार याचा अंदाज बांधता येतो.

धोका एकच, पण मोठा. पद कार्यभारावर टिकते. विषयाला विद्यार्थी कमी झाले, तुकडी बंद पडली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात जिल्ह्यातल्या दुसऱ्या टोकाला जावे लागू शकते. तत्त्वज्ञान, संस्कृत, भूगोल, हिंदी अशा विषयांत निवड होत असेल तर गेल्या तीन वर्षांची प्रवेशसंख्या मागून पाहा. शासनाची परवानगी, बिंदुनामावलीची (पदांच्या आरक्षणक्रमाची) तपासणी, जाहिरात, निवड समिती आणि विद्यापीठाची मान्यता या साखळीमुळे जागा भरायला खूप वेळ लागतो. अशा जागेची वाट पाहत किती वर्षे घालवायची, याची मर्यादा आधी ठरवलेली बरी.

विनाअनुदानित आणि खासगी विद्यापीठ

जागा इथे जास्त निघतात आणि निवड आठवड्याभरात होते. अभियांत्रिकी पदवीसाठी एआयसीटीईचे (तंत्रशिक्षण परिषदेचे) विद्यार्थी-शिक्षक प्रमाण २० ला १ आहे. साठची तुकडी चारही वर्षे पूर्ण भरली तर २४० विद्यार्थ्यांमागे १२ शिक्षक हवेत. विभागात प्रत्यक्ष शिकवणारे किती, हे संकेतस्थळावरच्या यादीवरून ठरवू नका, वेळापत्रकावरच्या नावांवरून मोजा. यादीत १२ आणि वेळापत्रकात ८ नावे दिसली तर उरलेल्या चौघांचे तास त्या आठ जणांवर आहेत.

इथला वर्गाबाहेरचा भाग जड असतो. एनबीए (अभ्यासक्रमाचे मानांकन) असेल तर प्रत्येक पेपरचे अभ्यासक्रम-निष्पत्तीचे (विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवे याचे) तक्ते, प्रत्येक प्रश्न कोणत्या निष्पत्तीशी जोडला त्याची नोंद, सत्राअखेरचा हिशेब. एका पेपरला हे नीट करायला आठ-दहा तास सहज जातात. मग मे ते ऑगस्ट प्रवेशाचे काम : पालकांना फोन, तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन माहिती देणे, सुविधा केंद्रावर अर्ज तपासणी. काही संस्थांत शिक्षकाला प्रवेशाचे उद्दिष्ट देतात. ते असेल तर उन्हाळी सुट्टी कागदावरच राहते आणि पीएच.डी.चे काम थांबते, कारण सलग वेळ मिळण्याचा तोच काळ असतो.

नेमणूक कशी झाली हे पगाराइतकेच महत्त्वाचे आहे. स्थानिक निवड समितीने केलेली नेमणूक एका वर्षापुरती असते. विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत झालेल्या नेमणुकीला नियमित मान्यता मिळते. मान्यतापत्र हातात नसेल तर पाच वर्षे शिकवूनही अनुभव मोजताना अडचण येते. पगार ठोक आहे की वेतनश्रेणीत, बारा महिन्यांचा आहे की अकरा, आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात का, हेही विचारा. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवू नका.

हा पर्याय वाईट आहे असे नाही. चांगली प्रयोगशाळा, संगणक, उद्योगांशी संबंध आणि नवे पेपर सुरू करण्याची मोकळीक अनेकदा इथेच मिळते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळवून देणारा शिक्षक इथे लवकर वर येतो.

तासिका तत्त्व

तासिका तत्त्व म्हणजे तासाप्रमाणे मानधन. यात मोजायचे ते फक्त घेतलेले तास. समजा आठवड्याला ९ तासिका मिळाल्या आणि सत्र १५ आठवड्यांचे चालले. दोन सत्रांच्या २७० तासिका झाल्या. वर्षभरात वाटल्या तर महिन्याला साडेबावीस. शासनाचा चालू दर जो असेल त्याला २२.५ ने गुणा, हेच तुमचे खरे मासिक उत्पन्न. तासिका नऊ मिळाल्या नाहीत किंवा मान्यता उशिरा येऊन सत्रातले चार आठवडे गेले तर २७० चे २३० व्हायला वेळ लागत नाही. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा या काळात तासिका नसतात आणि मानधन बिल मंजूर होऊन महिनोन्महिने उशिरा येते. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय केवळ यावर संसार उभा करू नये.

बरेच जण दोन महाविद्यालये धरतात. नाशिकरोडला सकाळी साडेसात ते दहा आणि पंचवटीत साडेअकरा, हे जमते, पण द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीसाठी तासभर राखून. एक ठिकाण शहरात आणि दुसरे दिंडोरी किंवा सिन्नरला असेल तर दोन्हीकडची वेळापत्रके हाती आल्याशिवाय हो म्हणू नका. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात त्र्यंबक रस्ता आणि पंचवटीतले रस्ते किती बंद राहतील याचा विचार आत्ताच करावा लागेल.

अनुभवाचे काय? महाविद्यालयीन निवडीसाठीच्या यूजीसीच्या २०१८ च्या तक्त्यात अध्यापन अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १० आहेत. पुढे पदोन्नतीसाठी मागची तात्पुरती सेवा धरायची तर त्या काळातले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, अशी अट आहे. तासिका तत्त्व या अटीत बसत नाही. म्हणून दोन-तीन वर्षे, पीएच.डी. चालू असताना, सकाळचे तास एका ठिकाणी घेऊन दुपार संशोधनाला ठेवायची असेल तर हा मार्ग ठीक. दहा वर्षे यात घालवणाऱ्यांचे नुकसान भरून निघत नाही, आणि ही खेदाची बाब आहे, कारण कित्येक विभाग त्यांच्याच बळावर चालतात.

मुक्त विद्यापीठ

गंगापूर धरणाजवळचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले. इथे ‘आठवड्याला किती तास’ हा प्रश्नच वेगळा होतो. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास, आणि संपर्कसत्रे अभ्यासकेंद्रांवरचे समंत्रक (मार्गदर्शक शिक्षक) घेतात. विद्यापीठातल्या शिक्षकाचे मुख्य काम लेखन-संपादनाचे : स्वयंअध्ययन पुस्तकाची घटकरचना, उद्दिष्टे, मधले स्वाध्याय, प्रश्नपेढी, समंत्रकांचे प्रशिक्षण, अभ्यासकेंद्रांच्या अडचणी. चुकीची किंमत इथे जास्त असते. वर्गात चुकलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते, छापलेल्या पुस्तकातले नवी आवृत्ती येईपर्यंत राज्यभर जाते. ज्याला फळा, प्रश्न आणि समोरचे चेहरे हवे आहेत त्याने इथे येऊ नये. ज्याला मराठीत नेमके लिहिता येते आणि एकट्याने बसून काम करायला आवडते त्याला हे काम मानवते. अशा जागांपैकी काही कराराच्या असतात, तेव्हा मुदत आणि नूतनीकरणाची अट वाचून घ्या.

महाविद्यालयात नोकरी करून शनिवार-रविवार अभ्यासकेंद्रावर समंत्रक होता येते. त्याआधी आपल्या संस्थेची लेखी परवानगी घ्या.

होकार देण्यापूर्वी

विभागप्रमुखांकडे चालू सत्राचे वेळापत्रक मागा आणि तुमच्या जागी आधी असलेल्या शिक्षकाचे रकाने मोजा : वेगळे पेपर किती, तुकड्या किती, प्रात्यक्षिक बॅच किती, सलग तास किती, मधले रिकामे तास किती. सकाळी पहिला तास आणि दुपारी शेवटचा, असे तीन दिवस असतील तर १६ तासांसाठी तुम्ही त्याहून कितीतरी जास्त तास आवारात असाल. नंतर तपासणीचा हिशेब करा. १२० विद्यार्थ्यांची एक अंतर्गत परीक्षा, उत्तरपत्रिकेला सहा मिनिटे, म्हणजे १२ तास. तीन पेपर आणि प्रत्येकी दोन परीक्षा असतील तर सत्राला ७२ तास. वेळापत्रक दाखवायला नकार मिळाला तर त्याच विभागात गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले ते विचारा. नव्या सत्राचे तुमचे पेपर ईमेलवर लेखी मागवून घ्या, कारण जूनमध्ये रुजू झाल्यावर पहिल्या बैठकीत बदलतात ते पेपरच.