ओपन हाऊससाठी तंबोला सेट: टोकन कामाचे, तिकिटं मात्र स्वतःची करा

मी किचनच्या हवाबंद डब्यांचं डायरेक्ट सेलिंगचं, म्हणजे कंपनीचा माल दुकानाशिवाय थेट लोकांना विकायचं, काम घरून करते, चार वर्षं झाली, घर गुहागरला खालच्या पाटात. यंदा मे महिन्यात पहिल्यांदा ओपन हाऊसला तंबोला (हाऊजी, पुकारलेले आकडे आपल्या तिकिटावर खुणवायचा खेळ) ठेवला आणि त्यासाठी ऑनलाईन ३४९ रुपयांचा सेट मागवला, मग दिवाळीच्या आधी परत एकदा केला. दोन कार्यक्रम झाल्यावर लिहितेय कारण मी घ्यायच्या आधी शोधलं तेव्हा सगळीकडे 'किटी पार्टीला मस्त', 'मुलं खूश' एवढंच होतं, घरच्या धंद्यासाठी वापरला आणि त्याने काय फरक पडला हे कोणीच लिहिलेलं नव्हतं.

आधी ओपन हाऊसचं सांगते. पार्टी म्हणजे ठरलेल्या वेळी दहा-बारा बायका बसतात आणि आपण डेमो देतो. ओपन हाऊसला दुपारी तीन ते सहा घर उघडं, जिला जेव्हा जमेल तेव्हा तिने यावं, बघावं, चहा घ्यावा, जावं. ऐकायला सोपं वाटतं, पण मागच्या वर्षी मी नुसतंच केलं होतं तेव्हा अकरा जणी आल्या आणि ऑर्डर मिळाल्या चार. बायका येतात, पडवीत टेकतात, डबा उचलून खालची किंमत बघतात, ठेवतात आणि "बघते गो, सांगते तुला" म्हणून उठतात. डबा नको असतो असं नाही हो, पण शेजारणीच्या घरी जाऊन खरेदी काय करायची आणि नाही केली तर तिला काय वाटेल, या संकोचात पाच मिनिटांत पाय निघतो. म्हणून मला असं काहीतरी हवं होतं की ज्याने माणूस तासभर बसेल आणि त्याला विकत घ्यायचं दडपण वाटणार नाही.

मे महिना मुद्दाम धरला. मुंबईचे चाकरमानी घरी असतात आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी चालू असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे सोडे, सुकट, बोंबील आधीच भरून ठेवायचे, शिवाय कुळथाचं पीठ, आमसुलं, पापड, फणसपोळी. आमच्याकडच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तिथे पापडाचं काय होत असेल ते कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. त्या दिवसांत चांगलं झाकण ही रोजच्या गरजेची गोष्ट असते.

आता सेट. ९० प्लास्टिकचे टोकन, निघालेले टोकन बसवायला एक भोकांचा पुठ्ठ्याचा बोर्ड, तिकिटांचं एक पुस्तक आणि टोकन काढायला कापडी पिशवी. फोनवर फुकट ॲप आहे मग सेट कशाला असं नवरा म्हणाला, पण मे मध्ये दुपारी लाईट गेली की आमच्याकडे नेटवर्कही जातं, आणि ॲप स्वतःच्या वेगाने आकडे सांगत सुटतं, वयस्कर बायकांची तिकिटावर शोधाशोध होईपर्यंत पुढचे दोन आकडे गेलेले असतात. पिशवीत हात घालून टोकन काढायला पोरांची जी झुंबड उडते ती फोनवर नाही. त्यामुळे सेट घेतला याचा पश्चात्ताप नाही.

टोकन जाड आहेत, रंग जात नाही, पण एक मोठी चूक आहे. आकडे इंग्रजी आहेत आणि खाली रेघ नाही. त्यामुळे सहा आणि नऊ ओळखता येत नाहीत, हे कोणाच्याही लक्षात येईल, पण १९ उलटा धरला की ६१ होतो, ६८ चा ८९ होतो, १८ चा ८१ होतो, हे खेळ चालू झाल्यावर कळतं. आमच्याकडे भाचीने ६८ काढला आणि ८९ म्हणून सांगितला, एका काकूंचं त्याच्यावर फुल हाऊस (तिकिटावरचे सगळे आकडे) लागलं, त्यांनी बक्षीस हातात घेतलं आणि मग बोर्डावर चूक सापडली. परत मागायला मला फार जड गेलं. मी त्यांचं बक्षीस त्यांच्याकडेच ठेवलं आणि दुसरं काढून पुढच्या विजेतीला दिलं. सेट आला की पहिलं काम, परमनंट मार्करने सगळ्या टोकनांना खालच्या बाजूला रेघ मारा, दहा मिनिटांचं काम आहे.

तिकिटांवर माझा खरा राग आहे. तंबोल्याच्या तिकिटाला तीन ओळी, नऊ रकाने, एका ओळीत पाच असे एकूण १५ आकडे, पहिल्या रकान्यात १ ते ९, शेवटच्यात ८० ते ९०, आणि नीट छापलेल्या पुस्तकात सहा तिकिटांच्या पट्टीत १ ते ९० सगळे आकडे एकदाच येतात. म्हणजे छापणाऱ्याने जरा हिशोब केला तर सारखी तिकिटं यायचं कारण नाही. या पुस्तकात बारा-पंधरा पानांनंतर तीच तिकिटं परत चालू होतात. दोघींनी एकदमच फुल हाऊस म्हणून हात वर केला, बघते तर तिकिटं हुबेहूब. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्याने बिनतक्रार दुसरं पुस्तक पाठवलं, त्यातही तीच पानं. शिवाय आकडे इतके बारीक की चष्मेवाल्या बायकांनी तिकीट लांब धरून बघितलं. तिकिटांसाठी मी या सेटला शून्य देईन.

आकडे पुकारण्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. मी आधी मराठीत पुकारत होते, एकोणऐंशी, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी. मुंबईहून आलेल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, एकोणऐंशी म्हणजे ऐंशीच्या अलीकडचा की नव्वदच्या अलीकडचा हे त्यांना लगेच लागेना. मग 'सेव्हन्टी नाईन' म्हटलं तर ओटीवर बसलेल्या आत्या आणि त्यांच्या वयाच्या बायका मागे पडल्या. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं होतं त्यावर किती वाद झाला होता, तो प्रश्न खरा आहे हे मला त्या दिवशी पडवीत कळलं. शेवटी मी 'सात नऊ, एकोणऐंशी' असं दोन्ही म्हणायला लागले आणि मग कोणीच अडलं नाही. घाई करू नका, प्रत्येक आकडा दोनदा, हे पक्कं.

आणि खुणेला पेन देऊ नका, चिंचोके द्या. चार वाजता आमच्याकडे समुद्रावरचा वारा असा सुटतो की हलकी तिकिटं उडतात, चिंचोक्यांनी ती दबून राहतात आणि परत वापरताही येतात. पोरांना काजूच्या बिया हव्या होत्या, मी देऊ दिल्या नाहीत, कच्च्या बीच्या सालातलं तेल लागलं की हात भाजतात.

मे मध्ये ३१ जणी आल्या, जवळजवळ सगळ्या शेवटपर्यंत बसल्या, कोकम सरबत तीनदा करावं लागलं. पण मला मनात टोचत राहिलं ते वेगळंच. दीड तास सगळ्यांच्या माना तिकिटात, टेबलाकडे कोणाचं लक्षच नाही. ऑर्डर तेरा आल्या, त्या आगोटीमुळे आल्या असं मला प्रामाणिकपणे वाटतं, तंबोल्याने माणसं बसवून ठेवली पण डबा कोणाच्या हातात दिला नाही. आणि डबा हातात घेऊन झाकण दाबून बघितल्याशिवाय त्याची किंमत पटत नाही, हे काही माझं शोधून काढलेलं नाही. टपरवेअरचे डबे अमेरिकेत सुरुवातीला दुकानात पडून राहायचे कारण झाकण कसं लावायचं हेच लोकांना कळत नव्हतं, ब्राउनी वाईज या बाईंनी घरोघरी पार्ट्या करून ते दाखवलं आणि १९५१ ला कंपनीने दुकानातून माल काढून फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला सुरुवात केली. दाखवणं हेच या धंद्याचं मूळ आहे, आणि माझ्या खेळात नेमकं तेच राहून गेलं होतं.

म्हणून दिवाळीच्या आधी आकड्यांची तिकिटं बाजूला ठेवली आणि बिंगोसारखं पाच बाय पाचचं तिकीट केलं, आकड्यांच्या जागी डब्यांची नावं. 'चकलीचा उभा डबा', 'सुकटीचा दोन लिटरचा', 'दह्याचा', 'मुलांचा टिफिन', 'फ्रीजमधला मासळीचा', अशी आपल्या बोलण्यातली नावं, कॅटलॉगमधली नाहीत, ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मधलं घर सगळ्यांना फुकट, तिथे 'चहा घेतला' लिहिलं. इथे एक हिशोब आहे तो नीट करा. फुकटचं घर सोडून २४ घरं राहतात, आणि तुम्ही नेमक्या २४ वस्तू घेतल्या तर प्रत्येक तिकिटावर त्याच २४ येणार, म्हणजे शेवटची वस्तू निघाली की सगळ्यांचंच फुल हाऊस एकदम. माझ्या हे आदल्या रात्री लक्षात आलं. मग ३२ वस्तू घेतल्या, त्यातल्या कुठल्याही २४ एका तिकिटावर, मुलीने एक्सेलमध्ये उलटसुलट करून चाळीस वेगवेगळी तिकिटं बनवली, शृंगारतळीला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणली, तिकिटाला तीन रुपये पडले.

सेटमधले १ ते ३२ टोकन तेवढे पिशवीत घातले आणि प्रत्येक डब्याला तो नंबर चिकटवला. टोकन निघालं की मी तो डबा उचलायचा, झाकण उघडून लावून दाखवायचं, यात काय राहतं ते एका वाक्यात आणि किंमत, अर्ध्या मिनिटात संपवायचं आणि डबा बसलेल्यांत फिरवायला द्यायचा. आता प्रत्येक वेळी सगळ्या माना वर! फुल हाऊस लागेपर्यंत जवळजवळ सगळे डबे दाखवून होतात आणि कोणाला डेमो ऐकतोय असं वाटत नाही. मला जे चार वर्षं जमत नव्हतं ते पंधरा मिनिटांत होत होतं, मला फार बरं वाटलं. यावेळी २६ जणी होत्या, मे पेक्षा कमी, आणि ऑर्डर सतरा. ओपन हाऊस असल्यामुळे सगळ्या एका वेळी नसतात, तर साडेतीनला एक डाव आणि पाचला एक असं आमंत्रणातच लिहा, आणि पाचनंतर तिसरा ठेवू नका, लांबच्या वाडीतल्या बायकांना एसटी गाठायची असते.

काही गोष्टी मी मुद्दाम केल्या नाहीत. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या तिकिटाला पाच रुपये लाव, जोर येतो. मी नको म्हटलं. पैसे लावले की तो जुगार, आणि माझ्या पडवीत धंद्याच्या नावाखाली तो मला नको होता. तिकीट सगळ्यांना फुकट, डबा विकत घेतला नाही तरी बक्षीस मिळणार. बक्षिसं छोटी, मसाल्याचे छोटे डबे, कोकम आगळाची बाटली, मोठं फक्त फुल हाऊसला. दुसरं म्हणजे आमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी असं तिकीट दाखवलं होतं ज्यात 'तीन मैत्रिणींचे नंबर द्या' असं एक घर होतं. मी ते घातलं नाही. दुसऱ्या बाईचा नंबर तिला न विचारता घेणं मला पटत नाही, आणि एकदा तसं केलं की पुढच्या वेळी लोक आपल्याकडे यायला कचरतात.

मोहल्ल्यातून एक भाभी आल्या होत्या, त्यांनी सरळ विचारलं, हे चेन मार्केटिंग आहे का, कारण त्यांच्या घरात कोणाचे तरी पैसे तशा स्कीममध्ये बुडालेत. विचारलं ते मला आवडलं. डिसेंबर २०२१ पासून डायरेक्ट सेलिंगचे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यात पिरॅमिड स्कीम, म्हणजे माल विकण्यापेक्षा माणसं जोडून पैसे मिळवायची स्कीम, चालवायला आणि त्यात भाग घ्यायला मनाई आहे, विकणाऱ्याने आधी आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकतोय ते स्पष्ट सांगायचं, कोणाच्या घरी जायचं तर ओळखपत्र घेऊन आणि आधी विचारून. मी माझं ओळखपत्र टेबलावरच ठेवलेलं होतं ते दाखवलं, मला डब्याच्या विक्रीवर मार्जिन मिळतं, माणसं जोडायचे पैसे मिळत नाहीत हे सांगितलं, पावती दिली. त्यांनी त्या दिवशी काही घेतलं नाही, आठ दिवसांनी फोन करून दोन टिफिन सांगितले.

खर्च लिहून ठेवलाय. दिवाळीच्या वेळी तिकिटं १२०, बक्षिसं साधारण ६००, पोहे, चहा, सरबत मिळून ७०० च्या आसपास. सेट एकदाच घ्यायचा. यापेक्षा जास्त खर्च केला तर एका दिवसाच्या मार्जिनमधून निघणं कठीण, म्हणून पहिल्याच वेळी मांडव आणि स्पीकर आणू नका.

सेटला एकूण पाचपैकी तीन. टोकन आणि पिशवीसाठी घ्या, तिकिटांचं पुस्तक पोरांना द्या. आणि बोर्ड मे नंतर कपाटावर नुसता ठेवू नका, माझा जुलैत दमट हवेने फुगला आणि त्याची भोकं वाकडी झाली, टोकन बसेनात. वजनाखाली दाबून थोडा सरळ केलाय, आणि आता सगळा सेट मी माझ्याच पापडाच्या मोठ्या डब्यात झाकण लावून ठेवते.