स्वादुपिंडाच्या नलिकेसाठी केलेली एमआरसीपी: सेवा मध्यम, अहवाल उत्तम

पुण्यातील एका खासगी तपासणी केंद्रात वडिलांची एमआरसीपी, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांची एमआरआय तपासणी, करून घेतली. केंद्राच्या एकूण व्यवस्थेला मी पाचपैकी तीन गुण देईन, अहवालाला मात्र पाच. ज्यांच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडाची नलिका 'प्रॉमिनंट', म्हणजे नेहमीपेक्षा रुंद, असल्याचा शेरा आला आहे आणि ज्यांना पुढील तपासणी सुचवली गेली आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

वडिलांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे. आधीच्या सोनोग्राफीच्या अहवालात मुख्य नलिकेची रुंदी 3.4 मिलिमीटर एवढाच आकडा होता. तो नलिकेच्या कोणत्या भागात मोजला, याचा उल्लेख नव्हता. ही नलिका सर्वत्र सारख्या रुंदीची नसते. स्वादुपिंडाच्या पुच्छाकडून ती शीर्षाकडे येते तसतशी हळूहळू रुंदावत जाते आणि प्रौढ व्यक्तीत सर्वसाधारणपणे पुच्छात दीड, मध्यभागात दोन ते अडीच आणि शीर्षात तीन ते साडेतीन मिलिमीटरपर्यंत असते. त्यामुळे 3.4 हा आकडा शीर्षात असेल तर फारशी चिंता नसते. तोच पुच्छात असेल तर कारण शोधावे लागते. शिवाय वयानुसार नलिका थोडी रुंदावते, म्हणून वृद्धांमध्ये तीनच्या किंचित वरचा आकडा एकट्याने आजार ठरवत नाही. याउलट पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंदी दिसली, तर डॉक्टर ती सहसा गांभीर्याने घेतात.

एमआरसीपीच्या अहवालाचे खरे मोल इथे कळले. त्यात शीर्ष, मध्यभाग आणि पुच्छ अशी तीन मापे स्वतंत्रपणे दिली होती: 3.1, 2.3 आणि 1.4 मिलिमीटर. ही मापे मूळ पातळ छेदांवर, म्हणजे एकेका थराच्या प्रतिमांवर, घेतल्याचेही नमूद केले होते, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण सर्व छेद एकत्र करून तयार केलेले त्रिमितीय चित्र कितीही देखणे दिसले तरी त्यात बारीक खडा किंवा अरुंद झालेला भाग झाकला जाऊ शकतो. नलिकेच्या कडा गुळगुळीत आहेत, कुठेही अडथळा नाही आणि उपशाखा रुंदावलेल्या नाहीत, हेही स्पष्ट लिहिले होते. निरोगी स्वादुपिंडात या उपशाखा इतक्या बारीक असतात की एमआरसीपीत त्या बहुधा दिसतच नाहीत. त्या ठळक दिसू लागणे हा जुनाट दाहाच्या खुणांपैकी एक असू शकतो.

रचनेविषयीचा परिच्छेदही तितकाच काळजीपूर्वक लिहिलेला होता. मुख्य नलिकेला विरसुंगची नलिका म्हणतात. योहान गेओर्ग विरसुंग यांनी 1642 मध्ये पदुआ येथे तिची नोंद केली. ती पित्तनलिकेबरोबर ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागात, मोठ्या पॅपिलापाशी (आतील छोट्या उंचवट्यापाशी) उघडते. तिच्याखेरीज सँटोरिनीची पूरक नलिका असते आणि ती थोडी वर, लहान पॅपिलापाशी उघडते. गर्भावस्थेत स्वादुपिंडाचे दोन भाग एकत्र येताना त्यांच्या नलिका जुळल्या नाहीत, तर पॅनक्रियास डिव्हायझम ही स्थिती राहते. ती काही थोड्या लोकांत आढळते आणि अनेकांना तिचा कधीच त्रास होत नाही. वडिलांमध्ये ती नाही, असे रेडिओलॉजिस्टनी आवर्जून लिहिले. जे आढळले नाही तेही नोंदवणारा अहवाल पुढच्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचवतो.

सोनोग्राफी आणि एमआरसीपी यांचे आकडे थोडे वेगळे आले, याचे नवल वाटू नये. पोटातील वायूमुळे सोनोग्राफीत पुच्छाचा भाग अनेकदा नीट दिसत नाही. ईआरसीपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून क्ष-किरणांनी केल्या जाणाऱ्या तपासणीत, नलिकेत दाबाने औषध सोडले जात असल्यामुळे ती एमआरसीपीपेक्षा रुंद दिसते, शिवाय त्या प्रक्रियेने स्वादुपिंडाचा दाह होण्याचा धोकाही असतो. एमआरसीपीत सुई नाही आणि क्ष-किरणही नाहीत. स्थिर द्रव पांढराशुभ्र दिसावा अशा पद्धतीने प्रतिमा घेतल्या जातात, त्यामुळे केवळ निदानासाठी आता हीच तपासणी आधी सुचवली जाते.

तंत्रज्ञांनी आत नेण्यापूर्वी वडिलांकडून श्वास रोखण्याचा सराव करून घेतला, पेसमेकर आणि धातूच्या रोपणांविषयी विचारले आणि एक प्रतिमा धूसर आल्यावर कंटाळा न करता ती पुन्हा घेतली. जठरातील द्रव प्रतिमेत आड येऊ नये म्हणून अननसाचा रस पाजला. त्यातील मँगनीजमुळे तो द्रव काळा दिसतो. हा रस द्यायचा आहे, हे मात्र आधी कोणी सांगितले नव्हते, आणि मधुमेही रुग्णाच्या नातेवाइकांना ते फोनवरच कळायला हवे होते.

गुण कापले ते यामुळेच, आणि आणखी दोन कारणांनी. उपाशी असलेल्या वृद्ध माणसाला दिलेल्या वेळेनंतर बराच काळ ताटकळत ठेवले गेले, आणि अहवालासोबतची सीडी घरच्या संगणकावर उघडली नाही. सुदैवाने काउंटरवर मागितल्यावर प्रतिमांची लिंक मोबाइलवर मिळाली. तुम्ही तिथे गेलात तर ती पैसे भरतानाच मागून घ्या, आणि जुनी सोनोग्राफी सोबत न्या. आमच्या अहवालात तिच्याशी केलेली तुलना त्यामुळेच येऊ शकली.