हार्मोनची कॉइल बसवून नऊ महिने झाले

माझे वय चव्वेचाळीस आहे आणि लातूर तालुक्यातील एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. मागील चार वर्षे पाळीच्या दिवसांत अंगावरून अतोनात जात असे. नऊ महिन्यांपूर्वी त्यावरचा उपाय म्हणून गर्भाशयात हार्मोनची कॉइल बसवून घेतली, तिचा हा अनुभव आहे. आमच्याकडे हिलाही सर्रास कॉपर-टीच म्हणतात आणि तेथूनच गैरसमजाला सुरुवात होते, कारण तांब्याच्या कॉपर-टीने रक्तस्राव उलट वाढू शकतो. या कॉइलमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे ५२ मिलिग्रॅम औषध असते. सुरुवातीला त्यातील सुमारे २० मायक्रोग्रॅम रोज गर्भाशयातच झिरपते, त्यामुळे आतले अस्तर पातळ राहते, आणि अस्तरच पातळ असल्याने गळून पडायलाही फारसे काही उरत नाही.

एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर ते अतिरक्तस्रावात मोडते, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण कोणती बाई ते मोजायला बसते? डॉक्टरांनी मला चारच प्रश्न विचारले: तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागते का, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का, रात्री त्यासाठी उठावे लागते का, आणि सात दिवसांच्या पुढे जाते का. चारही उत्तरे ‘हो’ होती. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी दोन पॅड एकावर एक लावून, वरून गडद साडी नेसून एसटीने निघत असे आणि सीटवरून उठताना आधी मागे वळून पाहत असे. घरी रात्री जुनी चादर चौपदरी घालून झोपायची. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे भर उन्हाळ्यात सलग तीन सकाळी चादर धुवायला काढणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही.

तरीही मी दवाखान्यात गेले ती रक्तस्रावासाठी नव्हे, पाटीवरच्या पेन्सिलीसाठी. पहिलीच्या वर्गातल्या पेन्सिलींचे तुकडे मी गुपचूप खाऊ लागले होते. आधी दिवसातून एखादा, मग पर्समध्ये पुडीच असे. एकदा एका मुलीने सर्वांसमोर विचारले, “बाई, तुम्ही माझी पेन्सिल खाल्ली का?” त्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटली. शरीरातले लोह फार कमी झाले की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असे काहीबाही खावेसे वाटते, हे मला नंतर समजले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली असले की रक्तक्षय समजतात. शाळेचा जिना चढताना लागणारी धाप मी वयाच्या खात्यावर टाकत आले होते, ती खरी या आकड्याची होती.

पहिल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या भिंतीत दोन सेंटिमीटरची एक गाठ दिसली, आणि पाच मिनिटांत निर्णयही झाला: “दोन लेकरं झाली ना, मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.” घरातही हेच मत होते. माझ्या माहेरच्या गल्लीत चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या सहा बायका मी बोटांवर मोजू शकते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती, ही बातमी मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचली होती. पाळीचा खाडा होऊ नये, मजुरी बुडू नये, म्हणून त्या बायांना हा मार्ग दाखवला गेला होता. माझी नोकरी पगारी आहे, मला रजा मिळते. मग मला इतकी घाई कशासाठी, हा प्रश्न मनातून जाईना. शस्त्रक्रिया वाईट असते असे माझे म्हणणे नाही. माझ्या आत्याची गाठ नारळाएवढी होती, तिला दुसरा मार्गच नव्हता. परंतु औषधाचा एकही प्रयत्न न करता थेट शेवटच्या पायरीवर उभे करणे मला पटले नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासले आणि वय चाळिशीपुढचे असल्याने अस्तराचा तुकडा तपासणीसाठी पाठवला. त्यात कर्करोगाचे काही निघाले नाही. मगच उपचारांचा विषय निघाला. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या मी तीन पाळ्यांत घेतल्या. रक्ताची गुठळी लवकर विरघळू न देणे हे त्यांचे काम असल्याने त्या फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायच्या असतात, आणि ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली आहे त्यांनी घ्यायच्या नसतात. जाण्याचे प्रमाण थोडे कमी झाले, पण पुरेसे नाही. नॉरएथिस्टेरॉन म्हणजे तीच गोळी, जी महालक्ष्म्यांच्या सणाला पाळी पुढे ढकलण्यासाठी घरोघरी आणली जाते. ती घेत असेपर्यंत सर्व शांत होते, आणि बंद केल्यावर तिसऱ्याच दिवशी धरण फुटल्यासारखे झाले. माझी गाठ गर्भाशयाच्या पोकळीत डोकावत नसल्याने कॉइल बसू शकते, असे त्यानंतर डॉक्टरांनी सांगितले.

कॉइल पाळीच्या पाचव्या दिवशी बसवली. आत पकडीने धरल्यावर बाळंतपणाची आठवण करून देणारी एक कळ येते, नंतर दोन-तीन मिनिटे पोटात पिळवटते. डॉक्टर, कॉइल, सोनोग्राफी असा सर्व मिळून खर्च साडेआठ हजारांच्या आसपास आला. त्याच आठवड्यात सलाइनमधून लोह घेतले. त्याने पेन्सिल सुटली, हे मी पहिले यश मानते.

आता तक्रारीचा भाग. पहिल्या महिन्यात एकोणीस दिवस थोडेथोडे तपकिरी जात राहिले, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात अकरा. प्रमाण अगदी किरकोळ होते, परंतु रोज पॅड लावावेच लागे, आणि आमच्या घरी देवघराचे नियम असल्याने “अजून तुझं संपलंच नाही का?” हे सासूबाईंचे वाक्य मी त्या काळात किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. कॉइल काढून टाकावी असे मला दोनदा वाटले. असे तीन ते सहा महिने चालू शकते, हे डॉक्टरांनी आधीच बजावून सांगितले होते म्हणून मी थांबले. सांगितले नसते तर नक्कीच काढली असती. हनुवटीवर पुरळ आले आणि स्तन दुखत राहिले. चौथ्या महिन्यात सोनोग्राफीत अंडाशयावर पाण्याची एक लहान गाठ दिसली, ती पुढच्या तपासणीपर्यंत आपोआप विरली.

चौथ्या महिन्यात सहा दिवस, पाचव्यात चार. सहाव्या महिन्यापासून दोन दिवस नुसते डाग पडतात, आणि मागील महिन्यात तेही नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी लाल पेनने खुणा करते. मागचा अख्खा महिना कोरा पाहून सासूबाई घाबरल्या. रक्त आत साठून राहते आणि डोक्यात जाते, अशी त्यांची समजूत आहे. अस्तर तयारच होत नाही तर साठणार काय, हे मी त्यांना शेतातल्या पिकाचा दाखला देऊन सांगितले. पेरलेच नाही तर कापायचे काय? त्यांना ते पटले की नाही, सांगता येत नाही, पण मला देवघरात जाऊ देतात.

गेल्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.९ आले. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय मी मोडली आहे, कारण चहामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. ही एक गोष्ट मला कॉइलपेक्षाही अवघड गेली. अतिरक्तस्रावासाठी बसवलेली ही कॉइल पाच वर्षांनी बदलावी लागते. ती तारीख मी फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे. तोपर्यंत पाळी नैसर्गिकरीत्याच थांबली तर प्रश्नच मिटेल.

परवा धाकट्या जाऊबाईंनी फोन करून हळूच विचारले, “ताई, बसवताना फार दुखतं का हो?” मी खरे तेच सांगितले: दुखते, पाच मिनिटे. तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा, सोबत कोणाला तरी न्या, आणि त्या दिवशी एसटीने उभ्याने परत येऊ नका, मी आले होते.