युनियनची मेंबरशिप घ्यावी का? वागळे इस्टेटमधल्या एका युनियन ऑफिसचा अनुभव (५ पैकी ४)

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे साइडचे बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. युनियनचं नाव टाकत नाहीये, कारण आमच्या कंपनीत मेंबर जोडणं अजून चालू आहे आणि कोण कुठे आहे हे मॅनेजमेंटला आत्ताच कळायला नको. ऑफिस छोटंसं, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, संध्याकाळी उघडतं.

पावतीचं काम एकदम चोख. वर्गणी दिली की लगेच पावती, महिना लिहून, सही करून, आणि रजिस्टरमध्ये तुमच्यासमोर नोंद. हे महत्त्वाचं का, तर युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा ह्यांवरच्या आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, ज्याला आपण पल्प म्हणतो, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीत युनियनला मान्यता हवी असेल तर अर्जाच्या आधीचे सहाही महिने किमान ३०% कामगार मेंबर असावे लागतात, मग पावतीच नसेल तर कोर्टात दाखवणार काय?

पण मी खरा खूश झालो ते इन्क्वायरीमुळे, म्हणजे कंपनीने कामगाराची केलेली आतली चौकशी. माझ्या शिफ्टमधल्या मित्राला कंपनीची चार्जशीट मिळाली, म्हणजे लेखी आरोप, सुपरवायझरशी उद्धट बोलला म्हणून. एचआर म्हणालं तुमची युनियन रेकग्नाइज नाही, बाहेरचा माणूस आत बसणार नाही. ऑफिसमधल्या सिनियर साहेबांनी आवाज न चढवता पल्पचं कलम २२ काढून दाखवलं, मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या मेंबरच्या डोमेस्टिक, म्हणजे कंपनीतल्या, इन्क्वायरीत त्याच्या बाजूने उभं राहता येतं. लेटर गेलं आणि पुढच्या तारखेला साहेब मित्राच्या शेजारी बसले. साक्षीदाराला एवढंच विचारलं की बाबा त्या वेळी तू नक्की कुठे होतास, तर तो म्हणाला लोडिंगला, म्हणजे ह्याने काही ऐकलेलंच नाही! आणि सही करायच्या आधी रोजनाम्याचं, म्हणजे इन्क्वायरीत लिहून घेतलेल्याचं, पान न पान मित्राला वाचायला लावलं, जे समजलं नाही ते मराठीत सांगून घेतलं, कॉपी घेतली, मगच सही. वॉर्निंगवर मिटलं. घरी दोन लहान मुलं आहेत त्याला, नोकरी गेली असती तर काय झालं असतं ह्याचा विचारही नको वाटतो.

दुसरं म्हणजे खोटी आशा दाखवत नाहीत. कॉन्ट्रॅक्टची काही पोरं आली होती, परमनंट करा म्हणत. त्यांना स्पष्ट सांगितलं, २००१ च्या सिप्ला ह्या औषध कंपनीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कंपनी तुम्हाला आपले कामगारच मानत नसेल तर आधी ते नातं सिद्ध करा, पल्पखाली डायरेक्ट येऊ नका. पोरांचे चेहरे पडले, पण वर्गणी घेऊन वर्षानुवर्षं झुलवत ठेवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि पुढे काय करता येईल तेही बसून सांगितलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचा नवीन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झाला, युनियनचा १९२६ चा, स्टँडिंग ऑर्डर्सचा (नोकरीच्या अटींचा) १९४६ चा आणि औद्योगिक वादांचा १९४७ चा असे तिन्ही जुने कायदे त्यात गेले, त्यावर पण एका संध्याकाळी समजावलं. जास्त युनियन असतील तर बोलणी करायला ५१% मेंबर लागणार, कोणाकडेच तेवढे नसतील तर २०% वाल्यांची मिळून बोलणी करणारी कौन्सिल, संपाला १४ दिवसांची नोटीस सगळीकडे, आणि ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं), कामगार कपात, क्लोजर (कंपनी बंद करणं) ह्यांना सरकारची परवानगी आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तरच, आधी ही मर्यादा १०० होती. आमच्यासारख्या छोट्या कंपनीवाल्यांनी हे शेवटचं नीट समजून घ्या.

एक स्टार कमी का, तर हिशोब. वर्गणी कुठे खर्च होते ते विचारलं की “दाखवू” म्हणतात, बोर्डावर लावत नाहीत. पल्पमध्ये मान्यता हवी असलेल्या युनियनने जास्तीत जास्त तीन-तीन महिन्यांच्या अंतराने कार्यकारिणीची बैठक भरवून ठराव मिनिट बुकात लिहायचे असतात, मग हिशोबाची शिस्त पण मेंबरांना दिसू दे की. आणि फक्त संध्याकाळी ऑफिस असल्यामुळे पॅकिंग लाइनच्या बायका येऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी उघडा ही मी लेखी मागणी दिलीये.

जाताना अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा आणि मिळालेलं प्रत्येक लेटर घेऊन जा. आणि काही झालं असेल तर लगेच जा, पल्पखाली तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते, उशीर झाला तर त्याचं कारण कोर्टाला पटवत बसावं लागतं.