बारा हजारांचं एसईओ पॅकेज: मेटा टॅगच्या पैशात काय आलं?

आमचं लातूरला औसा रोडवर मुलींचं हॉस्टेल आहे, मेससहित. दहावीचा निकाल लागला की उदगीर, अहमदपूर, परळी, गंगाखेड, कंधार असे सगळीकडचे पालक लातुरात उतरतात. हल्ली गावाहून निघायच्या आधीच मोबाइलवर दोन-चार हॉस्टेलं बघून ठेवलेली असतात. म्हणून वेबसाइटसाठी सहा महिन्यांचं एसईओ, म्हणजे गूगलच्या निकालात साइट वर आणायच्या कामाचं, पॅकेज घेतलं. बारा हजार रुपये. एजन्सी लातुरातलीच. नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं हेच पॅकेज मला आणखीही काही जणांनी दाखवलं होतं.

कोटेशनची पहिली ओळ ठळक अक्षरांत: ‘सर्व पानांचे मेटा टॅग ऑप्टिमायझेशन’. बाकीची कामं तिच्याखाली बारीक. मेटा टॅग म्हणजे पानाच्या कोडमधल्या, पानावर न दिसणाऱ्या, पानाबद्दल माहिती देणाऱ्या ओळी. तेव्हा परीक्षण मुख्यतः त्या पहिल्या ओळीचं.

कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबली की कुठल्याही पानामागचा कोड दिसतो. काम झाल्याचा फोन आला तसं मी बघितलं. मेटा कीवर्ड्समध्ये, म्हणजे शोधशब्दांच्या टॅगमध्ये, ‘बेस्ट गर्ल्स हॉस्टेल लातूर, टॉप गर्ल्स हॉस्टेल लातूर, लातूर पॅटर्न, नीट क्लासेस लातूर’ अशी यादी, संपता संपेना. आम्ही क्लासेस घेत नाही हो, आमच्याकडं वरण-पोळी मिळते! त्याखाली आणखी एक ओळ: ‘रिव्हिजिट आफ्टर सेव्हन डेज’. म्हणजे गूगलनं दर सात दिवसांनी आमच्याकडं चक्कर मारावी. गूगल हा टॅग बघतच नाही. आणि कीवर्ड्सचा टॅग रँकिंगसाठी वापरत नाही हे तर गूगलच्या मॅट कट्सनी 21 सप्टेंबर 2009 ला जाहीरच केलंय. नव्वदच्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिनं ती यादी वाचायची. लोकांनी तिच्यात वाट्टेल ते कोंबलं, मग तिला कोण विचारणार? आज आमच्याकडं अकरावीला असलेल्या मुली त्या 2009 च्या आसपास जन्मल्या, आणि लातुरात ती यादी अजून विकली जातेय.

एजन्सीच्या पोराला विचारलं तर म्हणाला, “काकू, टाकून ठेवलं तर बिघडतं काय?” बिघडत काही नाही. बिलात कशाला लावतोस, एवढंच माझं म्हणणं.

शीर्षकाचं काम मात्र खरोखर उपयोगाचं. आधी आमच्या पहिल्या पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’ होतं, आता ‘मुलींचं हॉस्टेल व मेस, औसा रोड, लातूर’ आहे. तसा टायटल हा काटेकोरपणे मेटा टॅग नाही, पण सगळे त्याच पुडीत बांधून देतात आणि पुडीतला सगळ्यात कामाचा माल तोच. पान कशाबद्दल आहे हे ठरवताना गूगल तो वाचतं. फीच्या पानावर त्यानं ‘बेस्ट’, ‘टॉप’, ‘नंबर वन’ उभ्या रेघा मारून जोडले होते. तिथं गूगलनं ते बाजूला सारून पानावरचं मोठं मथळ्याचं वाक्यच निकालात दाखवलं. ऑगस्ट 2021 मध्ये गूगलनं शीर्षकं दाखवायची पद्धत बदलली, तेव्हापासून असं जास्त होतं. तरी बहुतेक वेळा लिहिलेलं शीर्षकच दिसतं. गूगलनंच तेव्हा सुमारे 87 टक्के हा आकडा दिला होता.

डिस्क्रिप्शनमुळं, म्हणजे पानाच्या थोडक्यात वर्णनाच्या टॅगमुळं, नंबर वर जात नाही, हे एजन्सीनं सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. पण निकालाखालच्या दोन ओळी वाचूनच माणूस ठरवतो, दाबायचं का पुढं जायचं. त्यांनी इथंही ‘बेस्ट’चीच माळ ओवली होती. मी ती काढून स्वतः लिहिलं: ‘अकरावी-बारावी व नीटच्या मुलींसाठी. स्वतःचं बोअर, चोवीस तास पाणी. घरची मेस. रात्री साडेआठला गेट बंद.’ पाणी आधी लिहिलं त्याला कारण आहे. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते बाहेरगावचे पालक अजून विसरलेले नाहीत. पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. आता फोनवर लोक “ते गेट साडेआठला बंद होणारं हॉस्टेल ना?” असं विचारतात, म्हणजे वाचतात. दर वेळी हेच दिसतं असं नाही. कुणी ‘मेस मेनू’ शोधलं तर गूगल आमच्या मेनूच्या पानावरची रविवारच्या भाकरी-पिठल्याची ओळ उचलून दाखवतं. माझी त्याला काही हरकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपसाठीचे टॅग, ओपन ग्राफ म्हणतात ते, एजन्सीनं चांगले बसवले. आधी लिंक पाठवली की नुसता निळा पत्ता जायचा, आता हॉस्टेलचा फोटो आणि नाव येतं. याचा गूगलच्या नंबराशी संबंध नाही, पण आमचा निम्मा धंदा पालकांच्या ग्रुपवरून चालतो. या कामाला पूर्ण मार्क.

आता मुख्य तक्रार. ऐन प्रवेशाच्या तोंडावर त्यांनी साइटला नवं डिझाइन दिलं. काही दिवसांनी हॉस्टेलचं नाव जसंच्या तसं टाइप केलं तरी साइट येईना! एजन्सीच्या महिन्याच्या रिपोर्टात मेटा टॅगसमोर हिरवी खूण, ‘शंभर टक्के पूर्ण’. मी सर्च कन्सोल (साइट गूगलला कशी दिसते हे दाखवणारं गूगलचंच साधन) उघडलं, तर पानांसमोर कारण स्पष्ट लिहिलेलं: नोइंडेक्स टॅगमुळं वगळलं. नोइंडेक्स म्हणजे ‘हे पान निकालात दाखवू नका’ ही सूचना. नवी साइट दुसऱ्या पत्त्यावर तयार करताना वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर बनवली त्या सॉफ्टवेअरच्या) रीडिंग सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ ही खूण केलेली होती आणि साइट हलवताना ती तशीच आली. त्या एका खुणेनं प्रत्येक पानावर रोबोट्स मेटा टॅगमध्ये नोइंडेक्स बसतं, आणि गूगल ते इमानदारीत पाळतं. खूण काढून पुन्हा तपासणीची विनंती टाकली तेव्हा पहिलं पान लवकर परतलं, बाकीची रांगत रांगत आली. तेवढ्या काळात नकाशावरच्या आमच्या नोंदीनं तारलं. ती वेबसाइटवर अवलंबून नसते, म्हणून फोन अगदीच थांबले नाहीत.

म्हणून ‘मेटा टॅग आता कुचकामी’ हेही मला पटत नाही. कीवर्ड्सच्या लांबलचक यादीनं तिळभर फरक पडला नाही आणि एका शब्दानं साइट गायब झाली. पान मोबाइलच्या पडद्यावर नीट बसावं म्हणून व्ह्यूपोर्ट टॅगही लागतोच, पण तो थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार डिझाइनमध्ये, आधीच होता. त्याचे कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

पाचपैकी अडीच स्टार. शीर्षकं आणि व्हॉट्सअ‍ॅपचे दोन, पोरगा फोन उचलतो त्याचा अर्धा. सहा महिन्यांचं पॅकेज पुन्हा घेणार नाही. शीर्षक, डिस्क्रिप्शन, शेअरचा फोटो आणि दर बदलानंतर नोइंडेक्सची तपासणी, एवढ्याचंच काय घेशील म्हणून विचारलंय. अडीच हजार म्हणतोय. दोनवर येईल.